पुणे जिल्ह्यात उपग्रह इंटरनेट: छत्री कुठं वळवायची, कव्हरेज कसं तपासायचं? संपूर्ण माहिती

पुणे : पुणे शहरात गल्लोगल्ली फायबर पोहोचला. पण त्याच जिल्ह्यातल्या मुळशी, वेल्हे, भोर, मावळ, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरकपारीतल्या वाड्या-वस्त्यांवर आजही फोनला रेंज येण्यासाठी टेकाडावर जावं लागतं. ई-पीक पाहणीचा फोटो अपलोड होत नाही, रेशनच्या ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही, पोरांचा ऑनलाईन फॉर्म शेवटच्या तारखेला अडकतो. अशा ठिकाणी उपग्रहावरून येणारं इंटरनेट हा एक मार्ग आहे. मात्र कव्हरेज म्हणजे काय आणि डिश कशी लावायची, हे न समजता पैसे भरले तर पैसेही जातात आणि नेटही मिळत नाही.

टीव्हीची छत्री असो की इंटरनेटची डिश, दिशा धरण्याचं गणित एकच आहे. म्हणून या लेखात दोन्हींची माहिती एकत्र दिली आहे. यातले सगळे कोन पुणे शहर धरून काढलेले आहेत.

उपग्रह इंटरनेटचे दोन प्रकार

१) एका जागी स्थिर दिसणारे उपग्रह. हे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तेही एक फेरी मारतात, म्हणून आपल्याला ते आकाशात एकाच जागी दिसतात. टीव्हीची छत्री एकदा लावली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही, ती याचमुळे. इस्रोचे जीसॅट-११, जीसॅट-२९ आणि जीसॅट-एन२ हे इंटरनेटसाठीचे उपग्रह याच प्रकारचे. जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये सोडला गेला, त्याचं वजन ५,८५४ किलो होतं. जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून फाल्कन-९ रॉकेटने गेला. जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वापरून ह्यूजेस कम्युनिकेशन्स इंडिया या कंपनीने इस्रोच्या साथीने सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली.

२) खालून फिरणारे उपग्रह. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, तर वनवेबचे १,२०० किलोमीटरवर फिरतात. ते एका जागी थांबत नाहीत. एक मावळला की दुसरा उगवतो, म्हणून हजारो किंवा शेकडो उपग्रह लागतात. वनवेबचे ७२ उपग्रह इस्रोनेच ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये दोन फेऱ्यांत वर नेले.

दोन्हींतला फरक वापरताना लगेच कळतो. पहिल्या प्रकारात सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. आपण मागणी केली आणि उत्तर आलं, यात किमान अर्धा सेकंद जातो. व्हॉट्सअॅप, फॉर्म भरणं, सातबारा काढणं, व्हिडिओ पाहणं याला अडचण येत नाही. पण व्हिडिओ कॉलवर बोलताना एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं होतं आणि ऑनलाईन गेम चालत नाहीत. खालच्या उपग्रहांत हा उशीर फारच कमी असतो.

'कव्हरेज आहे' म्हणजे नेमकं काय?

मोबाईलचं कव्हरेज टॉवरवर अवलंबून असतं. मध्ये डोंगर आला की रेंज गेली. उपग्रहाचं तसं नाही. तो वरून बघतो, त्यामुळे सिग्नल पुणे स्टेशनवरही पडतो आणि तोरण्याच्या पायथ्यालाही पडतो. मग अडतं कुठं? तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे बीम. जुने उपग्रह सगळ्या देशावर एकच मोठा झोत टाकायचे. जीसॅट-११ सारखे नवे उपग्रह देशाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर वेगळा झोत टाकतात. जीसॅट-११ चे ग्राहकांसाठी असे ३२ झोत आहेत. शेताला पाट काढून वाफ्या-वाफ्याने पाणी द्यावं तसं हे आहे. फायदा म्हणजे एकूण नेट जास्त मिळतं. पण एका वाफ्यात जेवढे ग्राहक, तेवढ्यांत ते पाणी वाटलं जातं. म्हणून रात्री आठ ते दहा या वेळात वेग उतरतो.

दुसरं म्हणजे परवाना आणि सेवा. डोक्यावर उपग्रह आहे म्हणून सेवा मिळेलच असं नाही. कंपनीला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, स्पेक्ट्रम लागतो, जमिनीवर गेटवे लागतो.

तिसरं म्हणजे आपल्या दारातलं आकाश. घराला चिकटून उभं असलेलं आंब्याचं झाड किंवा शेजारची दुमजली इमारत मध्ये आली तर नकाशावर कव्हरेज असूनही घरात नेट नाही. हा भाग मात्र आपल्या हातात आहे.

पुणे आणि उपग्रह: नातं जुनं आहे

देशाचं परदेशाशी उपग्रहावरून बोलणं सुरू झालं ते पुणे जिल्ह्यातूनच. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी इथं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. डॉ. विक्रम साराभाई यांच्या नावावरून त्याला 'विक्रम' नाव दिलं गेलं. हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून उभी असलेली तिथली अवाढव्य डिश परदेशातले फोन जोडायची. तेव्हा ज्या कामाला एवढी मोठी डिश लागायची, ते काम आज घरावरची मीटरभराची डिश करते, कारण उपग्रहाचा झोत ताकदवान झाला.

त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ३० डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. त्यांच्यातून इंटरनेट मिळतं असा काहींचा समज असतो, तो चुकीचा आहे. त्या दुर्बिणी आहेत. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी फक्त ऐकतात.

पुण्यातून कोणता उपग्रह कुठं?

सगळे स्थिर उपग्रह विषुववृत्तावर असल्याने पुण्यातून ते दक्षिणेच्या बाजूलाच दिसतात. उत्तरेकडे तोंड करून टीव्हीची छत्री कधीच लागणार नाही. खाली दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजली आहे (पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०). उंची म्हणजे क्षितिजापासून वर किती अंश.

• जीसॅट-११ (७४ अंश पूर्व, इंटरनेट): दिशा १८०, उंची ६८
• जीसॅट-एन२ (६८ अंश पूर्व, इंटरनेट): दिशा १९८, उंची ६७
• जीसॅट-२९ (५५ अंश पूर्व, इंटरनेट): दिशा २२७, उंची ५९
• टाटा प्ले (८३ अंश पूर्व): दिशा १५३, उंची ६६
• डी२एच (८८ अंश पूर्व): दिशा १४२, उंची ६३
• डीडी फ्री डिश (९३.५ अंश पूर्व): दिशा १३२, उंची ५९
• डिश टीव्ही (९५ अंश पूर्व): दिशा १२९, उंची ५७ ते ५८
• एअरटेल डिजिटल टीव्ही (१०८.२ अंश पूर्व): दिशा ११५, उंची ४५

यात एक गंमत आहे. पुणे शहर ७३.८६ रेखांशावर आहे आणि जीसॅट-११ आहे ७४ वर. म्हणजे हा उपग्रह पुण्याच्या अगदी सरळ दक्षिणेला येतो. दक्षिण सापडली की दिशा सापडली. फ्री डिशची छत्री साधारण आग्नेयेला, तर जीसॅट-२९ ची डिश नैऋत्येला वळते.

जुन्नरपासून इंदापूरपर्यंत उंचीत एक-सव्वा अंशाचाच फरक पडतो. दिशेत मात्र पूर्वेकडे जाल तसा फरक वाढतो. जीसॅट-११ साठी इंदापूरला दिशा १८३ होते. जागेवरचा अचूक आकडा हवा असेल तर डिश लावण्याच्या मोबाईल अॅपमध्ये आपलं ठिकाण टाकून तो काढता येतो.

जागा निवडताना: झाड किती लांब हवं?

उपग्रह जितका डोक्यावर, तितका अडथळा कमी. हिशेब सोपा आहे. डिशपेक्षा १० फूट उंच असलेली भिंत किंवा झाड:

• जीसॅट-११ च्या दिशेला असेल तर किमान ४ फूट लांब हवं
• फ्री डिशच्या दिशेला असेल तर किमान ६ फूट
• एअरटेलच्या दिशेला असेल तर किमान १० फूट

अडथळा २० फूट उंच असेल तर अंतरही दुप्पट. यात दोन-तीन फूट वरकड ठेवा, कारण झाड वाढतं. मे महिन्यात लावलेली डिश जुलैत बंद पडते तेव्हा पावसाला दोष दिला जातो. पण बऱ्याचदा पालवी फुटून फांदी मध्ये आलेली असते.

या हिशेबाने पाहिलं तर डोंगराच्या कुशीतल्या गावालाही स्थिर उपग्रह सहज दिसतो. गावाच्या दक्षिणेला ३०० मीटर उंच कडा असला तरी तो सव्वाशे मीटरपेक्षा लांब असेल तर जीसॅट-११ त्याच्या वर दिसतो.

खालच्या फिरत्या उपग्रहांचं उलट आहे. त्यांना क्षितिजापासून साधारण २५ अंशांच्या वरचं मोकळं आकाश लागतं. तिथं १० फूट उंच अडथळा २१ फूट लांब हवा, आणि २०० मीटर उंच डोंगर चारशे तीस मीटर. खोल दरीतल्या वस्तीवर नेट दर थोड्या वेळाने तुटेल. डिश नवीन तंत्राची आहे म्हणून डोंगराच्या आरपार पाहत नाही.

डिश लावण्याची रीत, पायरी पायरीने

१. पाईप ओळंब्यात उभा करा. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. पाईप तिरका असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत जाते आणि सिग्नल कधीच सापडत नाही. गवंड्याचा ओळंबा किंवा पाणसळ लावून पाईप दोन बाजूंनी तपासा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. पत्र्यावर किंवा लाकडी वाशावर डिश बसवू नका. वाऱ्याने हलते. स्लॅबवर किंवा जमिनीत काँक्रीट करून बसवा.

२. उंचीचा कोन लावा. डिशच्या मागच्या क्लँपवर अंशांच्या खुणा असतात. त्यावर वर दिलेला आकडा धरा. घरगुती डिश दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते, कारण एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो. म्हणून डिशच्या तोंडावर मोबाईल टेकवून कोन मोजू नका, तो चुकीचा येईल. क्लँपवरची खूणच खरी.

३. दक्षिण शोधा. मोबाईलचा होकायंत्र वापरायचा तर पत्रा, मोटारसायकल, बोअरची मोटर, स्लॅबच्या सळया यांपासून दहा फूट लांब उभे राहा. लोखंडाजवळ होकायंत्र वीस-वीस अंश चुकतो. मोबाईल आधी हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात एका अंशापेक्षाही कमी फरक आहे, तो विसरला तरी चालतो.

सावलीवरूनही दक्षिण काढता येते. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजता नाही, सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. नोव्हेंबरमध्ये १२.१८ च्या आसपास, फेब्रुवारीत १२.४९ च्या आसपास. त्या वेळी ओळंब्याच्या दोरीची सावली सर्वांत आखूड असते आणि बरोबर उत्तरेकडे पडते. तिच्या उलट बाजूला दक्षिण. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला जातो, तेव्हा ही रीत वापरू नका.

४. मुठीने कोन मोजा. हात सरळ लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. दक्षिणेकडे तोंड करून पूर्वेकडे मुठी मोजा. टाटा प्लेसाठी पावणेतीन मुठी, फ्री डिशसाठी पावणेपाच, एअरटेलसाठी साडेसहा. तिथं समोर जे झाड किंवा विजेचा खांब दिसेल तो निशाण धरा आणि डिशचं तोंड तिकडे करा.

५. हळू फिरवा. बॉक्स किंवा मोडेमच्या सेटिंगमध्ये सिग्नलचं पान उघडा. तिथं दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ फक्त केबल जोडलेली असली तरी दिसते. बघायची ती क्वालिटी. डिश एका वेळी बोटभर सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. मशीनला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाईने फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निघून जातो. नाही सापडला तर उंची एक-दोन अंश बदलून पुन्हा सावकाश फिरवा.

घाई का करायची नाही, हे आकड्यावरून कळेल. इथं एक अंश चुकलं की उपग्रहाच्या उंचीवर आपण सहाशे किलोमीटरपेक्षा जास्त चुकतो. शेजारचा दुसराच उपग्रहही सापडू शकतो. म्हणून क्वालिटी आली तरी चॅनेल आपलेच आहेत का ते बघा.

६. मध्य काढा. क्वालिटी आली की थांबू नका. डावीकडे जिथं ती उतरते तिथं पाईपवर मार्करने खूण करा, उजवीकडे उतरते तिथं दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये डिश ठेवा. उंचीसाठीही असंच करा. कसाबसा सिग्नल आला म्हणून सोडलेली डिश पहिल्या जोराच्या पावसात बंद पडते. मध्यावर लावलेली तग धरते.

७. एलएनबी फिरवा. डिश न हलवता एलएनबी त्याच्या खोबणीत थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. क्वालिटी आणखी वाढली तर तिथं पक्का करा.

८. नट आळीपाळीने आवळा. एकच नट पूर्ण आवळला तर डिश ओढली जाते. पट्टीकडे लक्ष ठेवून सगळे थोडे थोडे आवळा. शेवटी पाईप आणि क्लँपवर रंगाची एक उभी रेघ मारून ठेवा. वादळात किंवा माकडांनी डिश हलवली तर रेघ तुटलेली दिसेल आणि परत जागेवर आणता येईल.

इंटरनेटची डिश स्वतः हलवू नका

टीव्हीची छत्री फक्त सिग्नल घेते. ती घरच्या घरी लावायला हरकत नाही. इंटरनेटची डिश उपग्रहाकडे सिग्नल पाठवते सुद्धा. ती चुकीची लागली तर दुसऱ्यांच्या सेवेत अडथळा येतो. म्हणून कंपनीचा माणूस डिश लावल्यावर केंद्राशी जोडून तपासणी करून घेतो, ती झाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. चालू असलेल्या डिशच्या तोंडासमोर, म्हणजे डिश आणि पुढच्या दांडीवरचं यंत्र यांच्या मध्ये, हात किंवा डोकं घालू नका. लहान मुलांच्या हाताला येईल अशी ती लावू नका.

स्टारलिंकसारख्या सेवेची डिश हाताने रोखायची गरज नसते. तिच्या आतच अनेक बारीक अँटेना असतात आणि झोत विजेवर फिरतो. तिथं आपलं काम एवढंच, की अॅपने आकाश तपासून मोकळी जागा निवडायची आणि अॅप सांगेल तसं तोंड ठेवायचं.

पाऊस, ऊन आणि वीज

जोराच्या पावसात सिग्नल थोडा वेळ जातो. पाण्याचे थेंब लहरी शोषून घेतात. ताम्हिणी, लोणावळा, भीमाशंकर पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे वरचेवर होणार, बारामती-इंदापूरकडे कमी. पाऊस ओसरला की सिग्नल आपोआप येतो, डिशला हात लावू नका. मात्र पाऊस थांबून तासभर झाला तरी येत नसेल तर बहुतेक केबलच्या जोडात पाणी गेलेलं असतं. जोडावर रबरी टेप गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दिवसातून काही मिनिटं कडक उन्हात सिग्नल जातो. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. हा बिघाड नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात. डिशच्या पाईपला अर्थिंग करून घ्या. गडगडाट सुरू झाला की मोडेमची पिन आणि केबल दोन्ही काढा. विजेच्या तारांजवळ डिश लावू नका आणि ओल्या स्लॅबवर चढू नका.

पैसे भरण्याआधी हे तपासा

स्टारलिंकचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. या कंपनीने भारतात परवान्याआधीच आगाऊ नोंदणी घेतली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने लोकांना पैसे भरू नका असं सांगितलं आणि नंतर कंपनीला पैसे परत करावे लागले. परवाना मिळाला तो जून २०२५ मध्ये. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने कंपनीसोबत इरादापत्रावर सही केली. त्यात दुर्गम भाग म्हणून गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम या जिल्ह्यांची नावं घेतली गेली. पुणे जिल्ह्याचं नाव त्यात नव्हतं. परवाना, करार आणि आपल्या गावात प्रत्यक्ष सेवा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

• आधी फायबर, मोबाईल कंपनीचं वायरलेस ब्रॉडबँड किंवा ग्रामपंचायतीतलं भारतनेट मिळतं का पाहा. मिळत असेल तर ते स्वस्त आणि बरं.
• कंपनीच्या अधिकृत वेबसाईटवर आपला पिनकोड टाकून सेवा आहे का ते स्वतः पाहा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.
• महिन्याला किती जीबी आणि ते संपल्यावर वेग किती राहतो, हे लेखी घ्या.
• डिश आपल्या मालकीची की भाड्याची? बिघडली तर माणूस किती दिवसांत येणार? हे विचारा.
• पैसे कंपनीच्या नावानेच भरा, पावती घ्या. कुणाच्या खासगी नंबरवर आगाऊ रक्कम पाठवू नका.
• परदेशातून आणलेली उपग्रह इंटरनेटची डिश किंवा उपग्रह फोन विनापरवाना वापरणं बेकायदेशीर आहे.

फसवणूक झाल्यास तातडीने सायबर हेल्पलाईन १९३० वर फोन करावा. सेवेबाबत कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तक्रार करताना पावती, ग्राहक क्रमांक आणि सिग्नलच्या पानाचा फोटो जवळ ठेवावा.

एका घराला हा खर्च जड जात असेल तर वस्तीने मिळून शाळेत, समाजमंदिरात किंवा दूध संकलन केंद्रात एकच जोडणी घेता येईल का, हे कंपनीला विचारून पाहावं. सामायिक वापराची परवानगी कोणत्या योजनेत आहे ते मात्र आधी लेखी घ्यावं.